इंजिनाचा पिवळा दिवा लागला? आधी कोड वाचा

दिवा स्थिर असेल आणि गाडी नीट चालत असेल, तर सावकाश गॅरेज गाठता येतं. लुकलुकत असेल तर मात्र गाडी बाजूला घ्या. मिसफायर होऊन न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातं, तो तापतो आणि निकामी होतो. हा भाग फार महाग!

स्टिअरिंगखालच्या १६ पिनांच्या ओबीडी सॉकेटला ब्लूटूथ स्कॅनर लावला की बिघाडाचा कोड मोबाइलवर दिसतो.

पण कोड म्हणजे निदान नव्हे, तक्रार. पी०१७१ म्हणजे मिश्रणात हवा जास्त, इंधन कमी. इथे अनेकजण थेट ऑक्सिजन सेन्सर बदलतात. तो बिचारा बहुतेकदा खरंच सांगत असतो. सेन्सर बदलण्याआधी स्कॅनरवर फ्युएल ट्रिम बघा, म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर इंधन किती टक्के वाढवतोय किंवा घटवतोय तो आकडा. आयडलिंगला आकडा खूप वर आणि आरपीएम वाढवल्यावर खाली आला, तर इनटेकच्या पाइपात किंवा गॅस्केटमध्ये हवेची गळती शोधा. उलट आरपीएमबरोबर आकडा चढत गेला, तर फ्युएल पंप किंवा फिल्टरवर संशय घ्या. मला हा भाग सगळ्यात आवडतो, कारण एकही नट न खोलता शोध अर्धा होतो.

आणि मेकॅनिकने कोड पुसण्याआधी फ्रीझ फ्रेमचा स्क्रीनशॉट घ्याच. बिघाड झाला त्या क्षणाचा वेग, आरपीएम, तापमान त्यात असतं. कोडबरोबर तेही पुसलं जातं.