संरक्षित अमिनो आम्लांपासून संश्लेषण : बॉक गट का निवडायचा?

एल-फिनाइलॲलनीनसारखी अमिनो आम्ले किण्वनाने स्वस्तात मिळतात. त्यांच्या अल्फा कार्बनाची त्रिमितीय रचना आपल्या हाती आयती येते. म्हणून संश्लेषणाची सुरुवात त्यांच्यापासून करतात. पण अमाइन मोकळे ठेवून अल्डिहाइड बनवले, तर एका रेणूचे अमाइन दुसऱ्याच्या अल्डिहाइडशी जोडले जाते. म्हणून अमाइन आधी संरक्षक गटाने झाकावे लागते.

नेहमीचे गट आणि ते काढण्याची रीत

• सीबीझेड (बर्गमन व झर्वास, १९३२) : हायड्रोजन, पॅलेडियम-कार्बन
• बॉक : ट्रायफ्लुओरोॲसिटिक आम्ल
• एफमॉक (कार्पिनो व हान, १९७०) : पायपरिडीन

यांतून निवड करताना फक्त पुढची नव्हे, शेवटपर्यंतची प्रत्येक पायरी पाहा.

उदाहरण : गॅमा अमिनो आम्ल

पुण्याच्या आयसरमध्ये एच. एन. गोपी यांच्या गटाने अशा आम्लांच्या पेप्टाइडांवर काम केले आहे. हा घटक पुढीलप्रमाणे तयार करता येतो.

१. बॉक-फिनाइलॲलनीनचे वाइनरेब अमाइड करा.
२. ० अंश सेल्सिअसला लिथियम ॲल्युमिनियम हायड्राइडने क्षपण करा. मधला धातुयुक्त संयुग टिकाऊ असतो; अल्डिहाइड पाणी-आम्ल घातल्यावरच सुटते, त्यामुळे क्षपण अल्कोहोलपर्यंत जात नाही. आम्ल सौम्य व थंड ठेवा, नाहीतर बॉक सुटेल.
३. विटिग अभिक्रियेने दोन कार्बन वाढवून असंपृक्त एस्टर मिळवा.
४. पॅलेडियम-कार्बनवर हायड्रोजन देऊन दुहेरी बंध संपृक्त करा. येथे बॉक टिकतो. सीबीझेड असता तर तोही निघून गेला असता.

सर्वांत नाजूक जागा

अल्डिहाइडशेजारच्या अल्फा कार्बनावरील हायड्रोजन आम्लधर्मी असतो. आम्लारीने, कधी सिलिका स्तंभातही, तो सुटतो आणि परत जोडला जाताना रचना उलटू शकते. यालाच रेसिमीकरण म्हणतात. म्हणून अल्डिहाइड साठवू नका. त्याच दिवशी विटिगला घ्या.

थोडेसे रेसिमीकरणही महाग पडते. प्रत्येक घटक ९८ टक्के शुद्ध असेल, तर पाच घटकांच्या पेप्टाइडात सर्व केंद्रे बरोबर असलेले रेणू सुमारे ९० टक्केच उरतात. उरलेले वेगळे करणे कठीण जाते.

स्वाध्याय : वरील मार्गात बॉकऐवजी एफमॉक घेतल्यास कोणत्या पायरीवर अडचण येईल? कारण लिहा.