दर्शनी खिडकीमागची कारकीर्द

लंडनच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवरील मोठी दुकाने रात्री बंद झाली, की काही दर्शनी खिडक्यांना आतून कागद लावला जातो. त्या कागदामागे चार-पाच माणसे शिड्या, टाचण्या, वाफेची इस्त्री आणि नायलॉनचा दोरा घेऊन पहाटेपर्यंत वावरत असतात. सकाळी कागद उतरतो आणि कामावर निघालेले लोक क्षणभर थबकतात. या कामाला व्हिज्युअल मर्चंडायझिंग असे नाव आहे; धंद्यातील माणसे नुसते ‘व्हीएम’ म्हणतात. ग्राहकाची नजर थांबावी, पाऊल आत वळावे आणि हात वस्तूकडे जावा, अशी मालाची मांडणी करणे, एवढी साधी त्याची व्याख्या करता येईल.

येथील मराठी कुटुंबांत या व्यवसायाचा विषय निघाला, की पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘म्हणजे दुकानातच ना?’ मुंबईत उपयोजित कला शिकून, पतीच्या नोकरीमुळे लंडनला आलेली माझ्या परिचयातील एक तरुणी गेली सहा वर्षे या क्षेत्रात आहे. पहिली दोन वर्षे तिने ठाण्याला आई-वडिलांना ‘डिझाइनचे काम’ एवढेच सांगितले. आपण कपड्यांच्या घड्या घालतो, हे सांगितले नाही. घड्या घालणे ही या कामाची बाराखडी आहे, हे तिला पुढे उमगले आणि तिच्यामुळे मला.

दुकानाच्या काचेला रंगमंच मानण्याची कल्पना अमेरिकेत रुजली. ‘द वंडरफुल विझार्ड ऑफ ऑझ’ लिहिणारे एल. फ्रँक बॉम यांनी 1897 मध्ये शिकागोहून खिडक्यांच्या सजावटीला वाहिलेले मासिक सुरू केले होते. त्याच शहरातील मार्शल फील्ड या दुकानात घडलेल्या हॅरी गॉर्डन सेल्फ्रिज यांनी मार्च 1909 मध्ये ऑक्सफर्ड स्ट्रीटवर आपले दालन उघडले, तेव्हा खिडक्यांसाठी त्यांनी शिकागोहून एडवर्ड गोल्ड्समन यांना आणले. दुकान बंद झाल्यावरही तेथील खिडक्यांचे दिवे जळत राहत. त्याच वर्षी विमानाने इंग्लिश खाडी ओलांडणाऱ्या ब्लेरिओचे विमानच त्यांनी दुकानात प्रदर्शनाला ठेवले. पुढे अँडी वॉरहॉल यांनी न्यूयॉर्कमध्ये दुकानांच्या खिडक्या सजवल्या, आणि जॉर्जिओ अरमानी यांच्या कारकिर्दीचा आरंभ मिलानच्या ला रिनाशेंते या दालनातील खिडक्यांपासून झाला.

प्रत्यक्ष काम मात्र प्रेरणेपेक्षा निरीक्षणावर चालते. सेल्फ्रिजेस रस्त्याच्या उत्तर बाजूला आहे. म्हणजे त्याच्या दर्शनी खिडक्यांचे तोंड दक्षिणेला. दिवसा ऊन थेट काचेवर येते, समोरच्या इमारती आणि लाल बसगाड्या काचेत उमटतात आणि आतला गडद पोशाख दिसेनासा होतो. म्हणून आतला प्रकाश बाहेरच्या उजेडाशी झगडू शकेल इतका प्रखर ठेवावा लागतो, आणि उन्हाने विटणारे कापड तेथे फार दिवस ठेवता येत नाही. वस्तूंची रचना बहुधा त्रिकोणात होते: एक उंच, एक मध्यम, एक ठेंगणी. तीन किंवा पाच वस्तूंवर नजर फिरत राहते. समान उंचीच्या दोन वस्तूंत ती अडकून पडते. दारातून आत आल्यावरची पहिली काही पावले ग्राहक केवळ स्थिरावत असतो, म्हणून महत्त्वाचा माल अगदी उंबरठ्यावर ठेवला तर तो दुर्लक्षित राहतो. पुतळ्याला विजार चढवायची तर आधी त्याचे धड कमरेपासून काढावे लागते. सदरा पाठीमागून टाचण्यांनी आवळला, की समोरून तो बेतून शिवल्यासारखा दिसतो. पिशवीत कागदाचे बोळे किती भरावेत, यावरही वाद झडतात.

गणपतीच्या दिवसांत मखराची आरास करणाऱ्यांना यातले बरेच उपजत कळते. पार्श्वभूमी मूर्तीला झाकोळता कामा नये, हे आपल्याकडे शाळकरी मुलेही जाणतात. पण आरास आणि व्हीएम यांतला भेदही ध्यानात घ्यावा. येथे मूर्तीच्या जागी विकाऊ माल असतो आणि खिडकी सुंदर झाली पण कोट खपला नाही, तर सोमवारी उत्तर द्यावे लागते.

स्वातंत्र्याविषयीचा भ्रमही लवकर फिटतो. मोठ्या साखळी-दुकानांत कोणता माल कोणत्या फळीवर, याचा नकाशा मुख्य कार्यालयातून येतो. त्याला प्लॅनोग्राम म्हणतात. शाखेतील माणसाने तो अमलात आणायचा. परंतु कार्यालयातल्या नकाशात खांब नसतो आणि दुकानात असतो. नकाशात सर्व मापांचे कपडे असतात आणि दुकानात निम्मे संपलेले असतात. ही तफावत जो नीट सोडवतो, त्याचे नाव वरपर्यंत पोहोचते. माझ्या मते या व्यवसायातील सर्जनशीलतेची खरी कसोटी नाताळच्या झगमगत्या खिडकीपेक्षा या खांबापाशी अधिक लागते.

शाखा, मग अनेक शाखांची जबाबदारी, मग मुख्य कार्यालयातील सर्जनशील विभाग अशी ही वाट आहे. काही जण फुटून स्वतंत्र कामे घेतात किंवा खिडक्यांतील साहित्य घडवणाऱ्या कार्यशाळांत जातात. लंडन कॉलेज ऑफ फॅशनमध्ये या विषयाची पदवी आहे. फॅशन रिटेल अकॅडमीत व्यवसायाभिमुख शिक्षण मिळते. फोटोशॉप, इलस्ट्रेटर आणि स्केचअप येणे आता गृहीत धरले जाते. तथापि निवड करणारे प्रमाणपत्राआधी कामाचा संग्रह पाहतात, आणि त्यात केवळ देखणी छायाचित्रे पुरत नाहीत. एकाच कोनातून घेतलेली आधीची आणि नंतरची छायाचित्रे, उपलब्ध वेळ व खर्च, आणि मांडणी बदलल्यावर विक्रीत काय फरक पडला, हे सांगता आले पाहिजे. अद्याप जाहीर न झालेल्या हंगामाची छायाचित्रे त्यात घालू नयेत. त्यापायी नोकरी जाऊ शकते.

आता गैरसोयीची बाजू. प्रारंभीचे वेतन बहुधा किमान वेतनाच्या आसपासच असते. एप्रिल 2025 मध्ये 21 वर्षे व त्यावरील कामगारांसाठी ते ताशी 12.21 पौंड होते. रात्रपाळ्या आणि शिडीवरचे काम अंगावर येते. दुकानेही शाश्वत नाहीत. बीएचएस 2016 मध्ये बंद पडले, डेबनहॅम्सच्या शेवटच्या शाखा 2021 मध्ये मिटल्या. ऑक्सफर्ड सर्कसजवळच्या टॉपशॉपच्या जागेत मे 2025 पासून आयकिया आहे. तेथे खिडकीतल्या पुतळ्यांची जागा संपूर्ण सजवलेल्या खोल्यांनी घेतली आहे. कौशल्य तेच, माल निराळा.

भारतातून थेट या कामासाठी येऊ पाहणाऱ्यांना मार्ग जवळजवळ बंद आहे. जुलै 2025 पासून स्किल्ड वर्कर व्हिसासाठी बहुतेक नव्या पदांची कौशल्यपातळी पदवीस्तराची लागते, आणि दुकानातील मांडणीचे पद त्यात बसवणे कठीण. याउलट, स्किल्ड वर्करचा जोडीदार म्हणून आलेल्यांवर असे बंधन नाही. त्यांना जवळपास कोणतीही नोकरी करता येते. आपल्या समाजातील कलाशिक्षण घेतलेल्या कितीतरी स्त्रिया याच व्हिसावर येथे राहतात.

त्यांच्यासाठी शरद ऋतूचा आरंभ महत्त्वाचा. नाताळची हंगामी भरती तेव्हा सुरू होते. अर्ज विक्री सहायकाचाच करावा लागला, तरी मुलाखतीत मांडणीच्या कामाची इच्छा स्पष्ट बोलून दाखवावी. दुकानाचा मजला रातोरात बदलायचा असतो तेव्हा जादा हात लागतातच. वर उल्लेखलेल्या तरुणीला पहिली खिडकी अशीच मिळाली. नेमका माणूस आजारी पडला होता आणि शिडीवर चढायला दुसरे कोणी तयार नव्हते.