तीन ठिणग्यांचे एंजिन

जबलपुराहून शिवनीमार्गे नागपूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर मे महिन्यात पारा चाळीस अंशांच्या वर जातो. अशा हवेत वेगवान मोटारसायकलीच्या एंजिनाला दोन अडचणींशी झगडावे लागते : एक उष्णता व दुसरी वेळेची टंचाई. पहिली सर्वांच्या ध्यानात येते. दुसरी अधिक मनोरंजक आहे.

पुण्याजवळ चाकण येथे तयार झालेली, २०१२ साली बाजारात आलेली बजाज कंपनीची ‘पल्सर २०० एनएस’ उदाहरणादाखल घेऊ. तिच्या सिलिंडरचा व्यास ७२ मिलिमीटर व दट्ट्याची धाव ४९ मिलिमीटर आहे. यावरून आकारमान १९९.५ घन सेंटिमीटर येते, हे विद्यार्थ्यांनी स्वतः गणित करून पाहावे. साडेतेवीस अश्वशक्ती ही कमाल शक्ती मिनिटास ९,५०० फेऱ्यांना मिळते. म्हणजे सेकंदास सुमारे १५८ फेऱ्या. दट्ट्या वरून खाली येण्यास सेकंदाच्या तीनशेव्या भागाहूनही कमी वेळ लागतो. एवढ्यात पेट्रोल व हवा यांचे मिश्रण जळून गेले पाहिजे.

हे मिश्रण एकदम भडकत नाही. ठिणगीपाशी ज्योत पेटते व तेथून ती पसरत जाते. म्हणून दट्ट्या माथ्याशी पोचण्यापूर्वीच ठिणगी पाडतात. ती फार आधी पाडली, तर वाढता दाब वर येणाऱ्या दट्ट्यालाच विरोध करतो. शिवाय ज्योत पोचण्याआधी कडेचे तापलेले मिश्रण आपोआप पेटले, तर एंजिन ठोके देऊ लागते. ते चालू राहिल्यास दट्ट्याचा माथा खराब होतो. आत येणारी हवा मुळातच उष्ण असली, म्हणजे हा धोका वाढतो.

यावरील उपाय असा, की आग एकाहून अधिक ठिकाणी लावावी. विमानांच्या एंजिनांत दोन प्लग पूर्वीपासून असत. एक बंद पडला तरी दुसरा हाताशी असावा, हाही त्यात हेतू होता. पल्सरमध्ये दोन प्लग २००३ साली आले. ‘२०० एनएस’ला तीन आहेत, एक मुख्य व दोन दुय्यम. ज्योतीला कापावयाचे अंतर त्यामुळे घटते.

राहिली उष्णता. वाऱ्याने थंड होणारे एंजिन चौकातील गर्दीत उभे राहिले, की तापत जाते. या गाडीत सिलिंडरभोवती द्रव खेळविलेला असून तो रेडिएटरमध्ये निवतो, आणि वारा नसेल तेव्हा विजेचा पंखा चालतो. जबलपुरच्या उन्हाळ्यात साडेतेवीस अश्वशक्तींहून हा पंखाच अधिक मोलाचा म्हणावा लागेल. मात्र एंजिन तापलेले असता रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये. आतील द्रव दाबाखाली असतो व उसळून हात भाजतो.