तंजावर नगरांतील वीथि, घरें व राहणी

दक्षिणेंतील मराठ्यांच्या इतिहासाविषयीं आजवर जें लिहिलें गेलें त्यांत राजांच्या वंशावळी, लढाया, तह आणि देवस्थानांचीं दानें यांस योग्य तें स्थान मिळालें आहे. परंतु ज्या नगरांत हे राजे राहिले तें नगर कसें होतें, त्याच्या वीथींतून कोण राहत, घरें कशीं बांधीत, काय खात, कोणत्या भाषेंत हिशेब लिहीत व कोणत्या भाषेंत गात, हा विषय बहुधा टीपांतच राहतो. प्रस्तुत लेखांत त्याचें थोडक्यांत विवेचन करण्याचें आम्हीं योजिलें आहे. यांत केवळ कौतुकाचा भाग नाहीं. तंजावरचीं जुनीं घरें एकामागून एक पडत आहेत, आणि घराबरोबर माळ्यावरील दप्तरही जातें. अशा वेळीं घराची साक्ष दप्तरास व दप्तराची साक्ष घरास कशी पूरक होते, हें संग्राहकांच्या ध्यानीं आणून देणें अवश्य आहे.

नगराच्या राहणीचा शोध घेण्यास साधनें चार प्रकारचीं आहेत : शिलालेख, वीथींचीं नांवें, वास्तूची रचना आणि कागदपत्र. तीं याच क्रमानें पाहूं.

शिलालेखांत अग्रमान राजराज चोळाच्या लेखांचा. त्यानें इ. स. १०१० च्या सुमारास पुरें केलेल्या बृहदीश्वराच्या मंदिराच्या भिंतीवर, देवसेवेसाठीं निरनिराळ्या गांवांच्या देवळांतून आणविलेल्या चारशें नर्तकींची यादी कोरलेली आहे. प्रत्येकीचें नांव, ती कोणत्या देवळांतून आली तें, आणि तिला दिलेलें घर कोणत्या वीथीच्या कोणत्या ओळींत कितवें, हें सर्व त्यांत नमूद आहे. प्रत्येकीस एक वेलि जमिनीच्या उत्पन्नाचा, म्हणजे शंभर कलम भाताचा, वांटा नेमून दिला होता. हजार वर्षांपूर्वींच्या एखाद्या वस्तीचा घरवार तपशील इतक्या नेमकेपणानें क्वचितच उपलब्ध होतो. त्याच मंदिराच्या भिंतीवर इ. स. १८०३ मध्यें दुसरे सरफोजी यांनीं भोसले वंशाचें चरित्र मराठींत कोरविलें, हें इतिहासप्रेमी वाचकांस विदितच आहे. एका लेखांत नगरांतील घरें मोजलीं आहेत, दुसऱ्यांत राजवंशाच्या पिढ्या. दोन्ही एकत्र वाचिल्याखेरीज नगराचें चित्र पुरें होत नाहीं.

आतां वीथींकडे वळूं. आज जुनें तंजावर म्हणून जें दाखवितात त्याची ठेवण मुख्यतः नायकांच्या काळची आहे. दोन कोट होते : लहान कोटांत बृहदीश्वर व शिवगंगा तलाव, आणि मोठ्या कोटांत राजवाडा व नागरी वस्ती. इ. स. १६७३ मध्यें विजयराघव नायक मदुरेच्या नायकाशीं लढतां पडला, आणि १६७६ च्या सुमारास शिवछत्रपतींचे सावत्र बंधु एकोजी, ज्यांस व्यंकोजी असेंही म्हणतात, यांनीं तंजावर आपल्या हातीं घेतलें. मराठ्यांनीं नवें नगर वसविलें नाहीं. नायकांच्या वाड्यांतच त्यांनीं आपले महाल वाढविले व नायकांच्या वीथींतच आपलीं माणसें वसविलीं. राजवाड्याभोंवतीं पूर्व, दक्षिण, पश्चिम व उत्तर अशा चार राजवीथि आहेत. त्यांच्या बाहेरच्या अंगास तटालगत ज्या वीथि आहेत त्यांस ‘अलंगम्’ म्हणतात. हा शब्द तटबंदीच्या अर्थाच्या फारसी ‘अलंग’ शब्दावरून आलेला आहे. तट पुष्कळ ठिकाणीं नाहींसा झाला, पण ‘मेल अलंगम्’, ‘कीळ अलंगम्’ हीं नांवें त्याची रेषा अद्यापि दाखवितात. पूर्वेच्या वेशीस ‘कीळवासल’ म्हणतात, व जवळच्या टेकाडावर मोठी लोखंडी तोफ असल्यानें त्यास ‘बीरंगीमेडु’ असें नांव आहे. ‘बीरंगी’ म्हणजे आपली फिरंगी. ‘मानंबुचावडी’ या भागाच्या नांवांतील ‘चावडी’ शब्द मराठी वाचकास परका नाहीं, आणि ‘मानोजीअप्पा वीथि’ हें नांव तर उघड मराठी आहे. नकाशावरील ही नामावळी म्हणजे वस्तीच्या थरांची यादीच होय.

या लहानशा नगरास इतकें महत्त्व कां आलें, याचें एक राजकीय कारण आहे व त्याकडे पुरेसें लक्ष दिलें जात नाहीं. इ. स. १७९९ च्या तहानें सरफोजींनीं राज्याचा कारभार कंपनीच्या हवालीं केला. त्यांजकडे तंजावरचा किल्ला व लगतचा प्रदेश राहिला, आणि दरसाल एक लक्ष होन व निव्वळ वसुलाचा पांचवा हिस्सा ठरला. म्हणजे राज्य गेलें व नगर उरलें. फौज, मुलुख व मोहिमा यांवर होणारा खर्च थांबला आणि तोच द्रव्यौघ नगरांतील ग्रंथालय, औषधशाळा, पाठशाळा, छापखाना, चित्रकार, गवई व छत्रें यांकडे वळला. सरफोजींचें ग्रंथप्रेम हा त्यांचा स्वभावगुण खराच. तथापि त्या गुणास एवढा अवकाश मिळाला तो या तहानें निर्माण केलेल्या परिस्थितीमुळें, असें आमचें मत आहे.

घरांची रचना पाहतां महाराष्ट्रांतील वाड्याशीं साम्य व भेद दोन्ही दिसतात. तंजावरचें जुनें घर रस्त्यावर अरुंद व आंत लांब असतें. पुढें लांकडी खांबांवर पडवी व ओटा. या ओट्यास तिकडे ‘तिण्णै’ म्हणतात. दारांतून आंत जाणारा चिंचोळा मार्ग तो ‘रेळि’, म्हणजे आपली देवडी. पुढें वरून उघडा चौक, ‘मुट्रम्’. त्याच्या भोंवतीं ‘कूडम्’, ज्यास आपण सोपा किंवा माजघर म्हणूं. मागें स्वयंपाकघर, विहीर, आणि शेवटीं ‘कोल्लै’ म्हणजे परसू. चौकामुळें उजेड व वारा मिळतो, व चारी बाजूंच्या उतरत्या कौलांवरचें पाणी आंत घेतां येतें. इतकें साम्य आहे. भेद असा कीं, देशावरील वाडा रस्त्याकडे उंच भिंत व भक्कम दिंडीदरवाजा करून बसतो. तंजावरच्या घराचा ओटा रस्त्यावर मोकळा असतो, आणि शेजाऱ्याशीं भिंत सामाईक असते. वाड्याचा मालक गांवावर येणारी धाड मनांत धरून बांधीत असे. तंजावरांत तें काम नगराच्या तटाकडे होतें, म्हणून घरास स्वतःचा तट करावा लागला नाहीं, असें आम्हांस वाटतें. दुसरा भेद साहित्याचा. कावेरीच्या गाळाच्या प्रदेशांत दगड नाहीं. म्हणून वीट, चुना, लांकूड व कौलें यांवरच सामान्य गृहस्थाचें काम चाले. अशीं घरें सतत निगा मागतात. कौलें दोन पावसाळे फिरविलीं नाहींत तर आधीं वांसे व मग माळा कुजतो, आणि पोथ्या बहुधा माळ्यावरच असतात.

तिण्णैचा उपयोग केवळ घरधन्यास बसण्यापुरता नसे. रामेश्वरास जाणारा यात्रेकरू रात्रीं तेथें पाठ टेंकी. हीच वृत्ति राजाश्रयानें मोठ्या प्रमाणावर प्रकट झाली ती छत्रांच्या रूपानें. रामेश्वराच्या वाटेवर तंजावरच्या राजांनीं ठिकठिकाणीं छत्रें बांधिलीं. ओरत्तनाडु येथील मुक्तांबा छत्र त्यांपैकीं प्रसिद्ध आहे. कंपनीनें या धर्मादायांस हात लावूं नये म्हणून इ. स. १८०१ मध्यें सरफोजींनीं रेसिडेंटास एक पत्र लिहिलें. छत्रांत सर्व जातींच्या वाटसरूंस अन्न मिळतें व आजारी पडलेल्यांची शुश्रूषा होते, हें त्यांत त्यांनीं आवर्जून मांडिलें आहे. राज्यावरील हक्क सोडून दोन वर्षें झालेल्या राजानें जें वांचविण्याची खटपट केली तें वाटसरूचें अन्न होय, ही गोष्ट त्या नगराच्या राहणीवर प्रकाश टाकणारी आहे.

पाण्याची व्यवस्थाही उल्लेखनीय आहे. नगराबाहेरील शेवप्पा नायकाच्या तलावाचें पाणी शिवगंगेंत येई व तेथून भूमिगत नळांनीं अय्यनकुळम् वगैरे नगरांतील तळ्यांस पोंचे. या योजनेस ‘जलसूत्र’ असें सुंदर संस्कृत नांव आहे. अलीकडे तळ्यांच्या दुरुस्तीच्या वेळीं या जुन्या मार्गांकडे पुनः लक्ष गेलें, हें समाधानकारक होय.

आतां स्वयंपाकघर. तंजावरच्या तमिळ घरांत वांग्याचा एक पातळ पदार्थ करितात, त्यास ‘रसवांगी’ म्हणतात. वांग्यास तमिळ शब्द ‘कत्तरिक्काय’ असा आहे. ‘वांगी’ हा शब्द त्या भाषेचा नव्हे. म्हणजे पदार्थाबरोबर त्याचें नांवही मराठी चुलीवरून शेजारच्या चुलीवर गेलें. याच्या उलट ‘सांबार’ हा शब्द संभाजीच्या नांवावरून निघाला ही गोष्ट वारंवार सांगितली जाते. ती सांगणारांस गोड वाटते एवढेंच. संस्कृत ‘संभार’ शब्दानें त्याची व्युत्पत्ति सरळ लागते, आणि मसाल्याच्या साहित्यास संभार म्हणण्याची रीति मराठींतही आहे. दंतकथा व प्रमाण यांतील हा विवेक राखला तरच स्वयंपाकघर हें इतिहासाचें साधन ठरेल. पाकशास्त्राच्या अभ्यासकांस रघुनाथ नवहस्त यांचा ‘भोजनकुतूहल’ हा संस्कृत ग्रंथ ठाऊक आहे. त्यांस एकोजींच्या राणी दीपाबाई यांचा आश्रय होता. अन्नासारख्या घरगुती विषयावर पंडितानें ग्रंथ रचावा, असें विद्येचें वातावरण त्या घराण्याभोंवतीं होतें.

भाषांचा प्रकार तर मौजेचा आहे. रस्त्यांत तमिळ, गाण्यांत तेलुगु, सभेंत संस्कृत आणि हिशेबांत मोडी मराठी, अशी सामान्य वांटणी होती. शिवाय रेशीम विणणारे सौराष्ट्री आपली वेगळी बोली बोलत. ही वांटणी कडेकोट नव्हती. शहाजी राजांनीं (इ. स. १६८४–१७१२) तेलुगूंत ‘पल्लकीसेवाप्रबंध’ रचिला व मराठींत ‘लक्ष्मीनारायणकल्याण’ हें नाटक. सांगलीस विष्णुदास भाव्यांनीं ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणिलें तें इ. स. १८४३ मध्यें, त्यापूर्वीं सव्वाशें वर्षांहून अधिक काळ तंजावरांत मराठी नाटकें लिहिलीं जात होतीं. रामदासी मठांतून कीर्तन तिकडे गेलें, आणि पुढें तंजावरच्या कृष्ण भागवतांच्या हातून तमिळ हरिकथेंत साकी, दिंडी, ओवी व अभंग हे प्रकार कायमचे रुजले. तमिळ श्रोता आजही ‘साकी’ व ‘दिंडी’ हीं नांवें घेतो, तीं आमचींच आहेत.

शेवटचें साधन कागदपत्र. येथें इ. स. १८५५ हें वर्ष निर्णायक आहे. त्या वर्षीं दुसरे शिवाजी राजे निपुत्रिक वारले, कंपनीनें संस्थान खालसा केलें व राजवाड्यांतील खाजगी मालमत्तेवरही जप्ती आणिली. राणी कामाक्षीबाईसाहेब यांनीं दावा लावला. तो विलायतेस प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला व इ. स. १८५९ मध्यें, ही राज्यकृति असून न्यायालयास तींत हात घालतां येत नाहीं, असा निर्णय झाला. पुढें १८६२ मध्यें सरकारनेंच मालमत्ता राणीवंशास परत दिली. राजवाड्याच्या पगारावर, शागीर्दीवर व देणग्यांवर ज्या राजवीथींतील शेंकडों घरें चालत होतीं त्यांस मात्र पूर्वस्थिति पुनः आली नाहीं. त्या घरांच्या पडझडीचा आरंभ येथून धरावा.

ग्रंथालयाचें भाग्य त्यामानानें बरें. बर्नेल यांची सूचि इ. स. १८८० मध्यें प्रसिद्ध झाली, व १९१८ मध्यें सरस्वती महाल सार्वजनिक ग्रंथालय झालें. तेथें सुमारें तीन हजार मराठी हस्तलिखितें आहेत. मोडी दप्तरांत छत्रांचा खर्च, औषधशाळेचे हिशेब, गवई व नर्तकी यांस दिलेल्या देणग्या असे घरगुती तपशील भरपूर आहेत. १९८१ मध्यें स्थापन झालेल्या तमिळ विद्यापीठानें त्यांतील निवडक कागदांचीं तमिळ भाषांतरेंही प्रसिद्ध केलीं आहेत. याशिवाय नगरांतील कागलकर, लांडगे व पतंग अवधूत यांचे खाजगी संग्रह सरस्वती महालांत आले. कागल तें कोल्हापुराजवळचें. त्या एका आडनांवांत एका कुटुंबाचा शेंकडों कोसांचा प्रवास साठविला आहे, आणि तें नांव संग्रहास जोडून राहिलें म्हणूनच आपणांस तो दिसतो.

हाच आमच्या लेखाचा मुख्य मुद्दा आहे. पोथी घरांतून निघाली कीं तिची अर्धी साक्ष घरींच राहते. ती कोणत्या वीथींतील घरांत होती, देवघरांत होती कीं माळ्यावर, तिच्याबरोबर हिशेबाचीं रुमालें होतीं काय, तिजवरील नांव घरांतील कोणत्या पिढीच्या पुरुषाचें किंवा स्त्रीचें, हें विचारण्याची वेळ एकदांच येते. बाजारांतून विकत घेतलेल्या पोथीस हे प्रश्न विचारतां येत नाहींत. म्हणून संग्राहकांस आमची विनंती अशी कीं, तंजावर, कुंभकोणम्, मन्नारगुडी वगैरे ठिकाणच्या मराठी घरांतून हस्तलिखित घेतांना त्याबरोबर चार ओळींची नोंद अवश्य करावी : वीथीचें नांव, घराचा स्थूल आराखडा, पोथी सांपडली ती जागा, व घरांतील वृद्धांनीं सांगितलेला वृत्तांत. घर मोडण्याचें ठरलें असेल तर मोडण्यापूर्वीं त्याचा आराखडा काढून ठेवावा, आणि ‘निरुपयोगी’ म्हणून टाकून दिलेलीं किराण्याचीं, लग्नखर्चाचीं व कौलेंशाकारणीचीं मोडी टिपणें पोथीइतक्याच काळजीनें जपावीं. चोळांच्या लेखकांनीं चारशें घरें ओळीनें मोजून दगडावर कोरलीं. मराठी घरांची तशी यादी अद्यापि कोणीं केलेली नाहीं. ज्या वाचकांजवळ अशा नोंदी किंवा टिपणें असतील त्यांनीं त्या या त्रैमासिकाकडे पाठविल्यास तिचा आरंभ होईल.