जहाल कोण, मवाळ कोण? टीबीच्या जंतूंची भावकी

काँग्रेसमध्ये जहाल आणि मवाळ होते, तसे टीबीच्या जंतूतही असतात. फरक इतकाच, की या जंतूला मवाळ करायला माणसाला तेरा वर्षं बटाटे खर्ची घालावे लागले. ते पुढे येईलच.

आधी दोन सख्खे भाऊ. १९०५ साली न्यूयॉर्क राज्यातल्या सॅरनॅक लेक इथल्या ट्रुडो सॅनेटोरियममध्ये १९ वर्षांच्या एका रुग्णाकडून 'एच ३७' हा वाण मिळाला. १९३०च्या दशकात त्याच्या वाटण्या झाल्या: 'आरव्ही' जहाल, 'आरए' मवाळ. १९९८ मध्ये आरव्हीची सगळी जनुकीय कुंडली वाचून झाली, सुमारे ४४ लाख अक्षरांची. पुढे भावांच्या कुंडल्या शेजारी ठेवल्या तर फरक अगदी मोजके. त्यातला एक 'फॉपी' नावाच्या जनुकात, अवघ्या एका अक्षराचा, आणि आरएच्या मवाळपणाचं बरंचसं खापर त्याच्यावर फुटतं. काना-मात्रा चुकली म्हणून शाळेत मार खाल्लेल्यांना हे पटेल.

जहालांची जुनी खूण म्हणजे वेणी. सूक्ष्मदर्शकाखाली हे जंतू एकमेकांना चिकटून पीळ घातल्यासारखे लांबलचक पडलेले दिसतात. हा जंतू शोधणाऱ्या खुद्द रॉबर्ट कॉखच्या नजरेतून ते सुटलं नव्हतं.

घाई मात्र जहालांनाही नाही. पोटातला ई-कोलाय अनुकूल हवापाण्यात वीस मिनिटांत दुप्पट होतो; या महाशयांना जवळजवळ अख्खा दिवस लागतो. "कल्चर लावलंय, सहा आठवड्यांनी या," असं लॅबवाला सांगतो ते उगीच नाही.

आता बटाटे. फ्रान्समधल्या लील शहरात काल्मेत आणि गेरँ या संशोधकांनी १९०८ पासून गाईगुरांना क्षय देणारा जंतू, म्हणजे आपल्या नायकाचा चुलतभाऊ, बैलाच्या पित्तात आणि ग्लिसरीनमध्ये भिजवलेल्या बटाट्याच्या फोडींवर वाढवला. एका फोडीवरून दुसरीवर, मग तिसरीवर, असा सुमारे २३० वेळा. मध्ये महायुद्ध झालं, शहर जर्मनांच्या ताब्यात गेलं, तरी फोडी चालूच. १९२१ पर्यंत जंतू इतका निवळला की लस झाली. दंडावर व्रण ठेवणारी बीसीजी ती हीच. जनुकांचा एक तुकडा वाटेत गळून पडला होता, हे कळायला मात्र अनेक दशकं गेली.

मवाळांत जहाल मिसळला तर? १९३० साली जर्मनीतल्या ल्युबेक इथे लशीत चुकून जहाल वाण गेला आणि ७० हून अधिक बाळं दगावली. इथे गंमत थांबते.

मद्रासचं प्रकरण मला सगळ्यात आवडतं. डेनी मिचिसन या ब्रिटिश संशोधकाने १९६०च्या सुमारास दक्षिण भारतीय आणि ब्रिटिश रुग्णांचे जंतू गिनीपिगांना टोचून पाहिले. ब्रिटिश जंतू सरसकट जहाल निघाले. आपल्याकडचे कुणी जहाल, कुणी अगदीच नरम. पण त्याच नरम जंतूंनी मद्रासच्या माणसांना अंथरुणाला खिळवलं होतं! गिनीपिगाचा न्याय माणसाला लागू पडतोच असं नाही.

उलटही घडतं. १९९४ ते ९६ या काळात अमेरिकेत केंटकी-टेनेसीच्या सीमेवर 'सीडीसी १५५१' हा वाण असा पसरला की संपर्कातल्या शंभरातल्या ७२ जणांची त्वचाचाचणी पॉझिटिव्ह आली. महाजहाल म्हणून त्याचा गवगवा झाला. उंदरांवर पाहिलं, तर मारण्यात हा इतरांपेक्षा काही सरस नव्हता. पसरणं आणि मारणं ही दोन वेगळी खाती.

पसरायला हवा खोकला, आणि तोही जंतू स्वतःच काढवतो. २०२० मध्ये डॅलसच्या संशोधकांनी दाखवलं, की त्याच्या अंगावरचा सल्फोलिपिड नावाचा स्निग्ध पदार्थ थेट मज्जातंतूंना डिवचतो. त्याचा नुसता फवारा दिला तरी गिनीपिग खोकू लागले.

गिनीपिगांनी या आजारापायी काय काय सोसलंय! १९५०च्या दशकात बाल्टिमोरच्या एका रुग्णालयात टीबी वॉर्डातली हवा पाइपातून वर नेऊन सुमारे दीडशे गिनीपिगांच्या पिंजऱ्यांवर सोडली. दोन वर्षं. त्यातले बरेच बाधित झाले, पण मोजक्याच रुग्णांमुळे. औषध चालू असलेल्यांकडून फारच कमी. पुढच्या फेरीत निम्म्या गिनीपिगांच्या हवेच्या वाटेवर अतिनील दिवे लावले. त्या निम्म्यांपैकी एकालाही लागण झाली नाही.