दुनळी एक्सप्रेस रायफल : काडतूसकोठीची निश्चिती

जुन्या इंग्रजी शिकारी शस्त्राची नोंद वारशाच्या यादीत किंवा परवान्याच्या पुस्तिकेत बहुधा एका ओळीत आटोपलेली असते : ‘दुनळी रायफल, ४५० बोअर’. नोंद करणाऱ्याने नळीवर कोरलेला आकडा पाहिला आणि तो उतरवून घेतला. या आकड्याने नळीच्या व्यासाचा साधारण बोध होतो. शस्त्र कोणत्या काडतुसासाठी घडविले आहे, हे मात्र त्यावरून ठरत नाही. काडतूस ज्यात बसते त्या कोठीची लांबी, तिचा खांदा, मान आणि मागील कडेची जाडी यांवरून ते ठरते. म्हणून जुन्या दुनळी रायफलीची कोठी निश्चित करणे हे संग्रहालयाच्या सूचिकाराचे काम आहे, तसेच ते शस्त्र हाताळणाऱ्याच्या जिवाशीही निगडित आहे.

इंग्रजी नामकरणाची पद्धत प्रथम समजून घेतली पाहिजे. दोन आकडे तिरप्या रेघेने जोडलेले असतील, तर सामान्यतः पहिला आकडा मूळ पितळी कवचाचा आणि दुसरा ते कवच आवळून केलेल्या मानेत बसणाऱ्या गोळीचा असतो. ५७७/४५० म्हणजे .५७७ इंची कवचाची मान आवळून त्यात .४५० ची गोळी बसविलेले काडतूस. ब्रिटिश फौजेच्या मार्टिनी-हेन्री रायफलीचे काडतूस ते हेच. ५००/४५० हे त्याच धर्तीचे, पण वेगळ्या कवचाचे. ४५०/४०० मध्ये ‘४५०’ हा आकडा असूनही गोळी .४०० ची असते. निव्वळ ‘४५०’ या नोंदीखाली अशा रीतीने चार-पाच निरनिराळी शस्त्रे लपलेली असू शकतात. उलट बाजूने पाहिले तरी गोंधळ सुटत नाही. ‘४७०’ आणि ‘४७५’ या दोन काडतुसांच्या गोळ्यांचे व्यास जवळजवळ सारखे, कवचे मात्र भिन्न. आणि ‘४७५ क्रमांक २’ या एकाच नावाखाली दोन प्रकार आहेत, ज्यांत जेफ्री या कारखानदाराच्या काडतुसाची गोळी दुसऱ्यापेक्षा थोडी जाड आहे. नावे व्यापाऱ्यांनी दिली, शास्त्रज्ञांनी नव्हे, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे आश्चर्य वाटणार नाही.

सर्वांत घातक गोंधळ मात्र नाव आणि माप दोन्ही जुळतात तेथे होतो. ‘एक्सप्रेस’ हा शब्द लंडनच्या जेम्स पर्डी यांनी १८५६ च्या सुमारास आगगाडीवरून उचलला. हलकी गोळी आणि भरपूर काळी दारू, म्हणून अधिक वेग, हे त्यामागचे तत्त्व. पुढे धूरविरहित कॉर्डाइट आले आणि १८९८ मध्ये रिग्बी यांनी सव्वातीन इंच लांबीच्या जुन्याच .४५० कवचात कॉर्डाइट भरून ‘४५० नायट्रो एक्सप्रेस’ हे काडतूस बाजारात आणले. जुन्या काडतुसात सुमारे १२० ग्रेन काळी दारू आणि ३०० ग्रेनच्या आसपासची गोळी असे. नव्यात ७० ग्रेन कॉर्डाइट आणि ४८० ग्रेनची गोळी. (एक ग्रेन म्हणजे सुमारे ०.०६५ ग्रॅम.) दारूचे वजन कमी झालेले पाहून नवे काडतूस सौम्य असावे, असा भ्रम होऊ शकतो. वस्तुस्थिती उलट आहे : कॉर्डाइटचा दाब पुष्कळ अधिक असतो. कवचाचे माप तेच राहिल्यामुळे नवे काडतूस जुन्या कोठीत विनासायास शिरते, झडप बंद होते, चाप ओढता येतो. काळ्या दारूच्या दाबासाठी घडविलेली नळी अशा वेळी काय करील, हे सांगावयास नको. .५०० आणि .५७७ या मापांतही हीच जोडी आढळते. म्हणूनच ‘काडतूस बसते’ हा कोठी ओळखण्याचा पुरावा मानता येत नाही.

मग पुरावा कोठे शोधावा? प्रथम नळ्यांच्या तळाशी. पुढचा लाकडी भाग काढून नळ्या चौकटीपासून वेगळ्या केल्या, की त्यांच्या मागील टोकाच्या सपाट पृष्ठभागावर चाचणीगृहाचे ठसे दिसतात. इंग्लंडमध्ये लंडन आणि बर्मिंगहॅम अशी दोन चाचणीगृहे. लंडनच्या बंदूककार संघाला १६३७ मध्ये सनद मिळाली, बर्मिंगहॅमचे चाचणीगृह १८१३ चे. जुन्या ठशांत नळीचा व्यास इंचात नसून ‘बोअर’ मध्ये दिलेला असतो, म्हणजे त्या व्यासाच्या किती शिशाच्या गोळ्यांचे वजन एक पौंड भरते ती संख्या. २४ किंवा २५ हा आकडा .५७७ च्या जवळचा, ५२ हा .४५० च्या जवळचा. ही रीत ठाऊक नसलेल्याने ‘५२’ हा अनुक्रमांक समजून सोडून दिला, तर एक मोलाचा धागा तुटतो. कॉर्डाइटसाठी तपासलेल्या नळ्यांवर ‘एन पी’ ही अक्षरे मुकुटासह आढळतात, आणि अनेकदा ‘कॉर्डाइट ७०-४८० मॅक्स’ असा मजकूरही. याचा अर्थ ७० ग्रेन कॉर्डाइट, ४८० ग्रेनची गोळी, याहून अधिक नाही. असा मजकूर असेल तर निम्मे काम झाले. तरीही सावधगिरी हवीच, कारण काळ्या दारूच्या काही रायफली पुढे कॉर्डाइटसाठी पुन्हा तपासून घेतल्या गेल्या. ठसा चाचणीचा काळ सांगतो, घडणीचा नव्हे.

नळीच्या वरच्या पट्टीवरील नावावर तर त्याहून कमी विसंबावे. मद्रासच्या माउंट रोडवरील पी. ऑर अँड सन्स ही पेढी घड्याळे आणि जवाहिर यांसाठी प्रसिद्ध. तिच्या नावाची शिकारी शस्त्रेही आढळतात. कलकत्त्याच्या मँटन आणि रॉडा, मुंबईत दुकान असलेली आर्मी अँड नेव्ही या पेढ्यांचीही तीच गोष्ट. अशा पेढ्यांची शस्त्रे बहुधा इंग्लंडातील, विशेषतः बर्मिंगहॅमच्या, कारखान्यांतून तयार होऊन येत आणि त्यांवर विक्रेत्याचे नाव कोरले जाई. नावावरून फार तर विक्रीचे ठिकाण कळते. तंजावरच्या राजवाड्यातील शस्त्रांचा मोठा संचय मद्रासच्या शासकीय संग्रहालयात आला, हे सर्वश्रुत आहे. त्यामुळे दक्षिणेतील एखादी एक्सप्रेस रायफल ‘तंजावरच्या महाराजांची’ म्हणून दाखविली जाण्याचा संभव असतो. दुसरे शिवाजी महाराज १८५५ मध्ये निपुत्रिक वारले आणि ते राज्य संपले. ‘एक्सप्रेस’ हा शब्दच त्यानंतरचा असल्यामुळे हा दावा कालदृष्ट्या टिकत नाही.

काळ ठरविण्यास हिंदुस्थानापुरता आणखी एक आधार उपलब्ध आहे. मार्टिनी-हेन्रीच्या .४५० गोळ्या व दारू बंडखोरांच्या हाती उपयोगी पडतील या भीतीने १९०७ च्या सुमारास ब्रिटिश सरकारने हिंदुस्थान आणि सुदान येथे .४५० मापाच्या रायफलींच्या आयातीस बंदी केली. शिकारीच्या दुनळीची लांब काडतुसे मार्टिनीत चालणारी नव्हती. पण सरकारी शंकेला एवढा भेद पुरेसा वाटला नाही. कारखानदारांनी ताबडतोब शेजारची मापे काढली : हॉलंड अँड हॉलंडचे ५००/४६५, जोसेफ लँगचे ४७०, तसेच ४७५ आणि ४७६ यांचे प्रकार. ४५०/४०० ला गोळी लहान असल्याने अडचण आली नाही. जिम कॉर्बेट यांची जेफ्री दुनळी याच मापाची होती. साहजिकच भारतात ४६५ किंवा ४७० मापाची रायफल आढळल्यास ती १९०७ पूर्वीची नाही असे म्हणता येते; .४५० ची असल्यास ती बंदीपूर्वी आलेली असण्याचा संभव बळकट होतो, एवढेच.

ठसे पुसट झाले असतील, किंवा कोठी मागाहून वाढविल्याचा संशय असेल, तर साचा घेण्यावाचून गत्यंतर नाही. नळीत कोठीच्या थोडे पुढे कापडाचा बोळा घट्ट बसवितात, कोठीस तेलाचा पुसट हात देतात आणि वितळलेला गंधक किंवा बिस्मथयुक्त मिश्रधातू ओततात. गंधक ११५ अंश सेल्सियसला वितळतो. तो स्वस्त, परंतु ठिसूळ. मिश्रधातू ७० ते ८८ अंशांच्या दरम्यान वितळतो, थंड होताना प्रथम आकसतो आणि सुमारे तासाभराने कोठीच्या मापाला येतो, म्हणून मोजणीची वेळ पाळावी लागते. नळीच्या तोंडाकडून सळईने साचा हलकेच मागे ढकलला की मागील कडेचा व्यास व जाडी, बुडाचा व्यास, खांदा, मान आणि एकूण लांबी मोजता येते. ४५०/४०० चे तीन इंची आणि सव्वातीन इंची हे दोन प्रकार येथेच वेगळे होतात. त्यांच्या कडेची जाडी भिन्न, आणि गोळीही सव्वातीन इंचीची साधारण .४०५ ते .४०८, तर तीन इंचीची .४१० ते .४११ इंच. आट्यांचा व्यास काढण्यासाठी मऊ शिशाची गोळी नळीतून ढकलतात. आटे सात असल्यास समोरासमोर माप घेता येत नाही आणि अननुभवी हाताचे माप येथेच चुकते. दोन्ही नळ्या स्वतंत्रपणे मोजाव्यात. हे काम परवानाधारक बंदूककाराकडेच व्हावे, हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

दुनळीच्या बाबतीत माप जुळले तरी शोध संपत नाही. दोन नळ्या परस्परांशी किंचित कललेल्या ठेवून, प्रत्यक्ष गोळ्या झाडून, एका विशिष्ट भरणीसाठी जुळवून झाळलेल्या असतात. वेग कमी पडला तर दोन गोळ्या एकमेकींपासून दूर जातात, अधिक झाला तर एकमेकींना ओलांडतात. ती भरणी मूळ पेटीच्या झाकणाआतील कागदी चिठ्ठीवर लिहिलेली असे. जुनी पेटी वाळवी लागली म्हणून टाकून देण्याची आपल्याकडील घाई या दृष्टीने फार महाग पडते. पर्डी, हॉलंड, वेस्टली रिचर्ड्स यांसारख्या कारखान्यांच्या जुन्या वह्या शिल्लक आहेत आणि अनुक्रमांकावरून त्यांत शोध घेता येतो.

कायद्याच्या अंगानेही ही निश्चिती महत्त्वाची ठरली आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर या रायफलींचा मूळ उपयोग संपला. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडे बाळगता येणाऱ्या अग्निशस्त्रांची कमाल संख्या तीनवरून दोनवर आली. अधिकचे शस्त्र जमा करण्यासाठी एक वर्षाची मुदत दिली गेली. घरातील तीन शस्त्रांपैकी कोणते ठेवावे, हा निर्णय अशा वेळी परवान्यावरील एका ओळीच्या आधारे घ्यावा लागला. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम ४५ मध्ये जुन्या धाटणीच्या किंवा पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या शस्त्रांना सूट आहे, हे खरे. परंतु ते दुरुस्तीनेही अग्निशस्त्र म्हणून वापरता येण्याजोगे नसावे, ही अट त्यास जोडलेली आहे. ‘याची काडतुसे आता मिळत नाहीत’ हा घरोघरी ऐकू येणारा युक्तिवाद ४७० किंवा ४५० नायट्रोच्या बाबतीत वस्तुस्थितीलाही धरून नाही, कारण ती काडतुसे आजही तयार होतात.

कोल्हापूरच्या न्यू पॅलेसमधील संग्रहालयासारख्या ठिकाणी शस्त्रे आणि शिकारीच्या स्मृतिवस्तू शेजारी शेजारी पाहावयास मिळतात. अशा संग्रहांच्या सूचीत नळीवरील लेख, तळाचे ठसे, साच्याची मापे आणि आट्यांचा व्यास यांसाठी स्वतंत्र रकाने असावेत. आणि साचा घेतलेला नसेल तेथे आकड्याऐवजी ‘कोठी अनिश्चित’ असे लिहावे.