जुनी आरामखुर्ची भंगारात देण्याआधी

ज्यांना ऐकायला वेळ नाही, लोकलमध्ये नेटवर्क नाही किंवा नुसतं वाचायलाच आवडतं, त्यांच्यासाठी या भागाचं हे लेखी रूप.

आजचा विषय तुमच्यातल्याच एकीच्या व्हॉइस मेसेजमधून आला. तिची बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला चाललीय. घरात आजोबांची वेताची आरामखुर्ची आहे, वेत फाटलाय, आणि भंगारवाला ती किलोच्या भावाने न्यायला तयार आहे. आई म्हणते, देऊन टाक. तिचा जीव होत नाही. तिचा प्रश्न असा की, हा नुसता भावनेचा मामला आहे, की त्या खुर्चीत खरंच काही दम आहे?

माझं म्हणणं, दम आहे. पण तो ती ‘जुनी’ असण्यात नाही.

आधी शब्दांचा घोळ मिटवू. दुकानदार सगळ्यालाच ‘अँटिक’ म्हणतो. पण साधारणपणे शंभर वर्षांपेक्षा जुनी वस्तू म्हणजे अँटिक. आपल्याकडच्या 1972च्या पुरावस्तू कायद्यातही बहुतेक वस्तूंसाठी शंभर वर्षांचीच अट आहे. त्याहून अलीकडची, पण आपल्या काळाची छाप असलेली वस्तू म्हणजे व्हिंटेज. आपल्या घरांतल्या बहुतेक खुर्च्या या दुसऱ्या गटातल्या.

आता त्यात बसल्यावर इतकं बरं का वाटतं, ते बघू. आपल्याकडे दोन प्रकार जास्त दिसतात. एक कापडी. लाकडी चौकट, दोन दांड्यांवर ओवलेलं जाड कापड आणि मागे खाचा. दांडी खालच्या खाचेत टाकली की पाठ आणखी कलते. (या खुर्चीत बोट चेमटलं नाही असं मूल त्या काळी क्वचितच असेल!) दुसरा प्रकार लांब हातांचा, वेताने विणलेला. इंग्रजांच्या काळात चहा-कॉफीच्या मळ्यांतल्या बंगल्यांवर या खुर्च्या असायच्या, म्हणून इंग्रजीत तिला ‘प्लांटर्स चेअर’ म्हणतात. काहींच्या हातांखाली एक जादा फळी दडलेली असते. ती फिरवून पुढे काढायची आणि तिच्यावर पाय टाकून पडायचं.

दोन्हींमागचा विचार एकच. ताठ बसलं की वरच्या अंगाचा सगळा भार कण्याच्या खालच्या भागावर येतो. पाठ मागे कलली की त्यातला बराचसा भार खुर्चीची पाठ घेते. हात टेकले की खांद्यांवरचं ओझं उतरतं. शिवाय वेताच्या जाळीतून हवा खेळते. मे महिन्यात रेक्झिनच्या सोफ्यावर पाठ चिकटते ना? वेतावर तसं होत नाही. पंखेही नव्हते अशा काळात या खुर्च्या आपल्या हवेसाठी घडल्या.

पण मला यातली सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते ती म्हणजे ही खुर्ची दुरुस्त होते.

तिचे तीन भाग असतात आणि तिन्हींचं आयुष्य वेगळं. सागवानाचा किंवा शिसवीचा सांगाडा पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. सागात नैसर्गिक तेल असतं, त्यामुळे वाळवी त्याच्या वाटेला सहसा जात नाही. सांधे खाच पाडून, त्यात दुसऱ्या लाकडाचं टोक घट्ट बसवून केलेले असतात. सैल झाले तर सुतार ते उकलून, सरस लावून परत बसवतो. वेत काही वर्षांनी फाटतोच, तो नव्याने विणायचा. लाखेचं पॉलिश स्पिरिटमध्ये विरघळतं, म्हणून पूर्ण खरवडून न काढताही त्यावर नवा हात मारता येतो. आता भुश्श्याच्या दाबलेल्या फळीचा सोफा आठवा. एकदा पाणी लागून फळी फुगली, स्क्रू निसटला, की संपलं. स्क्रू धरायला आत काही उरतच नाही.

‘भंगार’ या शब्दाची गंमत बघायची तर चंडीगडला जाऊ. 1950च्या दशकात ते शहर उभं राहत असताना तिथल्या कचेऱ्या, कॉलेजं, ग्रंथालयांसाठी ल कॉर्बुझिएचा चुलतभाऊ पियर जान्नरे आणि त्याच्या सहकाऱ्यांनी साग आणि वेताच्या हाताच्या खुर्च्या तयार केल्या. पुढे त्या मोडल्या म्हणून ढिगाने गच्चीवर पडल्या, लिलावात फुंकून टाकल्या गेल्या. परदेशी व्यापाऱ्यांनी त्या उचलल्या, दुरुस्त केल्या, आणि त्याच खुर्च्या परदेशातल्या लिलावांत लाखो रुपयांना गेल्या. शेवटी 2011मध्ये केंद्राच्या गृहमंत्रालयाला हे वारसा-फर्निचर विकू नका असा आदेश काढावा लागला. तुमच्या घरातली खुर्ची लाखाची निघेल असं मी अजिबात म्हणत नाही. दुरुस्त होणारी वस्तू आपण किती सहज मोडीत काढतो, एवढंच सांगायचंय.

आता कामाचं. घरातली खुर्ची ठेवायची असो, किंवा चोर बाजारातून, पुण्याच्या जुन्या बाजारातून नवी (म्हणजे जुनीच!) घ्यायची असो, एवढं तपासा:

1. उलटी करा. खालचं, पॉलिश न केलेलं लाकूड खरं बोलतं.
2. बारीक भोकं आणि त्यातून पडणारी ताजी पूड दिसली, तर कीड अजून जिवंत आहे. तशी खुर्ची घेऊ नका. घरचीच असेल तर उपचार होईपर्यंत बाकी फर्निचरपासून लांब ठेवा.
3. हात धरून हलवा. सांधा सैल असेल तर चालेल, लाकूड चिरलेलं असेल तर विचार करा.
4. दहा मिनिटं बसा आणि मग उठा. घरातल्या वयस्कर माणसालाही उठवून बघा. फार खोल खुर्चीतून उठताना गुडघे बोलतात.

मेसेज करणाऱ्या मैत्रिणीला माझं उत्तर हे: सांगाडा धड असेल तर देऊ नकोस. वेत विणून घे, आणि टीव्हीसमोर नको, खिडकीशी ठेव. वन बीएचकेमध्ये सोफ्याऐवजी एक चांगली खुर्ची चालते. आणि लाकूडच पोखरलेलं असेल, तर अपराधी न वाटता निरोप दे. आजोबा खुर्चीत राहत नाहीत.

वेत विणणाऱ्यांबद्दलही थोडं. खोबणीत पट्टी ठोकायची तयार जाळी वेगळी आणि भोकाभोकांतून हाताने विणलेली वेगळी. हाताच्या विणीत उभे, आडवे आणि तिरपे असे सहा फेरे असतात. हे काम बोटांच्या अंदाजाने होतं, म्हणून आपल्याकडे अंध व्यक्तींना ते शिकवण्याची जुनी परंपरा आहे. सरकारी कार्यालयांत खुर्च्या विणण्यासाठी त्यांच्या नेमणुका होत. कचेऱ्यांमध्ये फोमच्या खुर्च्या आल्या आणि हे काम आटलं. तुमची एक खुर्ची विणायला गेली, तर कुणाच्या तरी हातातली कला आणखी थोडी टिकते.

आणि वेत नुसता सैल झाला असेल, फाटला नसेल, तर खर्च शून्य. खालच्या बाजूने ओल्या फडक्याने भिजवा, रात्रभर सावलीत वाळू द्या. वाळताना तो आपोआप ताणला जातो. तोवर मात्र त्यावर कुणाला बसू देऊ नका.

तुमच्या घरच्या खुर्चीचा फोटो पाठवा, उलटी करून काढलेला! भेटू पुढच्या भागात.